केंद्राला आधी कानाचं विचारा

पार्किंगमधल्या मांजरी वाढत चालल्यात, सेक्रेटरी त्या पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडायचं म्हणतात आणि तुम्ही नसबंदीसाठी केंद्र शोधताय, हे वाचलं. ठाण्यात आमच्या सोसायटीत अगदी हेच रामायण झालं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, फक्त मांजरी पकडून थकलेली बाई आहे.

पिंजरा कसा लावायचा, उपाशी किती वेळ ठेवायचं, हे केंद्रवाले सांगतीलच. मला बोलायचंय ते कानाबद्दल. नसबंदी झाल्याची खूण म्हणून मांजर भुलेत असतानाच डाव्या कानाचा शेंडा सरळ रेषेत, जेमतेम सेंटिमीटरभर, कापून घ्या. कुत्र्यांसारखी खाच नको. मारामाऱ्या करून बोक्यांच्या कानांना तशाही खाचा पडलेल्या असतात.

आम्ही गेलो त्या केंद्राने (नाव घेत नाही, उगाच वाद नको) कान कापायला नकार दिला. म्हणे, लोक क्रूरतेची तक्रार करतात, आणि आमच्या रजिस्टरमध्ये नोंद असतेच की. नोंद काय, तर 'मादी, काळी-पांढरी'. अहो, आमच्या मागे मासळीबाजार, तिथल्या निम्म्या भाट्या काळ्या-पांढऱ्याच! पुढच्या वर्षी त्यातलीच एक पुन्हा पिंजऱ्यात सापडली. केस भादरूनही टाक्यांची खूण कळेना. दुसऱ्या डॉक्टरांनी भूल देऊन पोट उघडलं, तर आत गर्भाशयच नाही. धडधाकट जनावराची पोटाची शस्त्रक्रिया, तीही फुकाची. केंद्रात जाब विचारला तर काउंटरवरून उत्तर आलं, "मॅडम, तुम्हीच लक्षात ठेवायचं ना." लेखी तक्रार द्यायला गेले, तर घेणारे साहेब जेवायला गेलेले. ते अजून जेवतायत बहुतेक.

म्हणून सांगते, पहिल्याच फोनवर विचारा. आढेवेढे घेतले तर दुसरीकडे जा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. ज्यांना कानाला कात्री लावायची भीती वाटते, त्यांनी पोटाला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला कठोर वाटेल, वाटू दे. कापलेला कान पहिल्या मजल्याच्या गॅलरीतूनही दिसतो आणि वॉचमनलाही कळतो.

सेक्रेटरींना सांगा, पोत्यात कोंबून नेणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही. शिवाय जागा रिकामी झाली की माशांच्या डोक्यांसाठी बाजूच्या गल्लीतल्या मांजरी येतातच.

आधी भाट्या धरा. चार-पाच महिन्यांची पोरसुद्धा माजावर येते, दोन महिन्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. पिंजऱ्यातलीच्या सडांना दूध दिसलं तर केंद्राला आधी कळवा, म्हणजे ती पिल्लांकडे लवकर कशी परतेल ते बघतील. बोका मात्र शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे पिल्लं देऊ शकतो, त्याबद्दल कुणाशी भांडू नका.

आमिषाला सुकट उत्तम, वासाने लांबून येतात. आणि परत आणलेलं मांजर कण्हतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका. मांजरांना ती विष आहे. वेदनाशामक लागलंच तर डॉक्टरांकडूनच घ्या.