इमारतीतील इशाऱ्यांची वर्गवारी : यंत्रानुसार की परिणामानुसार?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत पंप, लिफ्ट, जनरेटर, अग्निशमन आणि सांडपाणी प्रक्रिया या सर्वांवर लक्ष ठेवणारी बीएमएस (बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम) यंत्रणा आहे. तिचे इशारे यंत्रांनुसार मांडलेले असून जवळजवळ सगळेच लाल रंगात येतात, त्यामुळे रात्रपाळीचा कर्मचारी ते न वाचताच 'पाहिले' अशी नोंद करतो. वर्गवारी कशी करावी?
— एक सचिव, ठाणे

उत्तर : यंत्रानुसार मांडणी दुरुस्ती करणाऱ्याच्या सोयीची असते. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला मात्र 'आत्ता काही केले नाही, तर कशाची हानी होईल?' हे कळायला हवे. म्हणून प्रत्येक इशाऱ्यापुढे परिणाम लिहावा : जीवितास धोका, मालमत्तेचे नुकसान, रहिवाशांची गैरसोय किंवा वीज-पाण्याचा अपव्यय.

एकट्या पंपांचेच पाहा. फायर पंपाचा स्विच 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर राहिला, तर काही बिघडलेले दिसत नाही, परंतु आग लागल्यावर तो पंप आपोआप सुरू होणार नाही. म्हणून हा इशारा पहिल्या वर्गात जातो. जॉकी पंप, म्हणजे अग्निशमन वाहिनीतला दाब टिकवणारा छोटा पंप, वारंवार चालू-बंद होत असेल, तर बहुधा वाहिनीत कुठेतरी गळती असते. ती शोधायला दिवसाउजेडी माणूस पाठवला तरी चालते. तळघरातील सम्पची (पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्याची) पातळी वाढल्याचा इशारा जानेवारीत किरकोळ वाटेल, पण जुलैच्या मुसळधार पावसात तो वाहनांच्या नुकसानीचा, आणि विजेचे पॅनेल तळघरातच असेल तर जीविताचाही ठरतो. गच्चीवरची टाकी रिकामी होणे ही एरवी गैरसोय. त्याच टाकीत अग्निशमनाचा राखीव साठा असेल, तर मात्र तसे म्हणता येणार नाही. अमेरिकेतील एनएफपीए ७२ ही आगीच्या इशारा यंत्रणांविषयीची संहिता प्रत्यक्ष आगीचा इशारा, देखरेखीचा इशारा (अग्निशमनाचे साधन सज्ज नसल्याचा) आणि यंत्रणेतील बिघाडाचा इशारा वेगवेगळे ठेवते, ते याच कारणाने.

परिणाम आणि तातडी यांची गल्लत करू नये. त्यांचे रकाने वेगळे असावेत. लिफ्टमध्ये माणूस अडकणे आणि अग्निशामक नळकांड्यांची मुदत संपत येणे, दोन्ही जीविताशी निगडित आहेत, पण पहिल्यासाठी मिनिटे असतात आणि दुसऱ्यासाठी काही दिवस.

सगळेच लाल ठेवण्याची किंमत किती मोठी असते, हे वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात दिसले. २४ जुलै १९९४ रोजी तेथे स्फोट झाला, त्याआधीच्या अखेरच्या ११ मिनिटांत दोन कर्मचाऱ्यांपुढे २७५ इशारे आले होते. नंतर ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली ईईएमयूए १९१ ही इशारा यंत्रणांविषयीची मार्गदर्शिका सुमारे ५ टक्के इशारे सर्वोच्च, १५ टक्के मध्यम आणि उरलेले ८० टक्के कनिष्ठ प्राधान्याचे असावेत असे सुचवते. हे प्रमाण कारखान्यांसाठीचे आहे. तरीही आपल्या यादीतील निम्मे इशारे 'सर्वोच्च' ठरत असतील, तर वर्गवारी झालेलीच नाही असे खुशाल समजावे. ज्यावर कोणी काहीच करायचे नाही, असा संदेश पडद्यावरून काढून नोंदवहीत टाकावा.

अग्निशमनाशी संबंधित इशाऱ्यांचा वर्ग मात्र समितीने परस्पर खाली आणू नये. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार जी परवानाधारक संस्था आपल्याला दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे 'नमुना ब' प्रमाणपत्र देते, तिच्याकडून हे बदल आधी तपासून घ्यावेत.