रस्ता आणि रेल्वे पेलणाऱ्या केबल-स्टेड पुलाविषयी

वाशी, नवी मुंबई

चि. यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रस्ता आणि रेल्वे दोन्ही नेणाऱ्या केबल-स्टेड, म्हणजे उंच मनोऱ्यांपासून तिरप्या केबलनी तोललेल्या, पुलाच्या कामावर तुझी नेमणूक झाल्याचे कळले आणि फार आनंद झाला. केबल किती भार पेलतील याचे हिशेब तू मांडशीलच. पण माझा आग्रह आहे की पूल किती वाकेल, हा प्रश्न तू त्याआधी हाती घ्यावास.

एखाद्या संध्याकाळी वाशीच्या खाडीपुलावरून शेजारच्या रेल्वेपुलाकडे पाहत उभा राहा. रस्त्यावरची वाहने विखुरलेली असतात. मानखुर्दहून येणारी बारा डब्यांची लोकल मात्र सुमारे अडीचशे मीटर लांबीचे सलग, सरकते ओझे असते. अशी गाडी केबलच्या पुलाच्या मधल्या गाळ्यात, म्हणजे दोन मनोऱ्यांमधल्या भागात, शिरली की मनोऱ्याचा माथा तिकडे ओढला जातो, मागच्या केबल ताणल्या जातात आणि टोकाच्या खांबावरून तुळई, म्हणजे रस्ता आणि रूळ पेलणारा आडवा भाग, वर उचलू पाहतात, म्हणून तिथे ती खाली जखडावी लागते. गाडी कडेच्या गाळ्यात असताना त्याच केबल सैलावतात, आणि केबलला झोल आला की तिची ताठरताही घटते. कडेच्या गाळ्यात जादा खांब का देतात, ते यावरून तुझ्या ध्यानात येईल.

डेन्मार्क आणि स्वीडनला जोडणारा, २००० साली खुला झालेला ओरेसुंद पूल नीट अभ्यास. त्याचा मुख्य गाळा ४९० मीटरचा आहे. वर चार पदरी रस्ता, खाली दुहेरी रेल्वेमार्ग, आणि दोहोंमधल्या उंचीत पोलादी ट्रस, म्हणजे त्रिकोणांचा सांगाडा, बसवलेला. रूळांसाठी लागणारी जागाच तिथे पुलाला ताठरता देते. मला ही मांडणी फार सुंदर वाटते.

गाडीगणिक केबलमधला ताण चढतो-उतरतो, त्यामुळे धातूच्या थकव्याचा हिशेब रेल्वेच्याच फेऱ्यांवर मांड. केबल जिथे तुळईत अडकवलेली असते तिथे ती किंचित वाकतेही, आणि पाणीही नेमके तिथेच साचते. आपल्या खाडीवरच्या १९७३ सालच्या पहिल्या पुलात पूर्वताणाच्या तारा, म्हणजे काँक्रीट दाबून धरण्यासाठी आधीच ताणलेल्या तारा, काँक्रीटच्या आत गंजल्या. बाहेरून त्या दिसतच नव्हत्या. तेव्हा प्रत्येक केबलच्या बुडाशी माणूस पोचेल, हात घालून ओल तपासू शकेल आणि वाहतूक चालू ठेवून केबल बदलता येईल, एवढी जागा आराखड्यातच राखून ठेव.

पुलाच्या टोकाशी तुळई फिरते तेव्हा जोडावर रूळांना किती कोन बसतो, ते काढून मला कळव. आकडे मी स्वतः तपासून देईन.

तुझा,
काका