सात मिनिटं की बारा?

प्रश्न : मुलीच्या मनात आहे की तिच्या रिसेप्शनला ऑस्ट्रियन संगीतकार माहलरच्या पाचव्या सिम्फनीतला 'अदाजिएत्तो' (तिचा एक संथ भाग) लावावा. माझे मेहुणे म्हणतात, "हे मयताचं संगीत, शुभकार्यात नको." माझ्याकडे दोन कंडक्टरची दोन रेकॉर्डिंग आहेत. मेंगेलबर्गचं १९२६ चं सात मिनिटांत आटपतं, कारायानच्या १९७३ च्या रेकॉर्डिंगला जवळपास बारा लागतात. जुन्याचा वेग चुकून वाढलाय का? आणि मेजरमधली, म्हणजे एरवी आनंदी वाटणाऱ्या स्वरांतली, रचना इतकी उदास का वाटते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वेगाची शंका घरच्या पेटीवर फिटेल. ही रचना एफ मेजरमधली, म्हणजे षड्ज पांढरी चार. दोन्ही रेकॉर्डिंगच्या शेवटी तुमची पांढरी चारच जुळेल, जुन्या तबकडीत फार तर किंचित फरक. बारा मिनिटांचं वादन तबकडी पळवून सातात बसवलं असतं, तर सूर नऊ पट्ट्या चढून वरच्या पांढरी दोनपाशी गेला असता. तेव्हा मेंगेलबर्गने खरंच तसं वाजवून घेतलंय.

आणि त्याला तो हक्क होता. माहलर त्याच्या ओळखीतला. या रचनेच्या प्रतीवर मेंगेलबर्गने लिहून ठेवलंय की हे माहलरचं होणाऱ्या बायकोला, आल्माला, लिहिलेलं प्रेमपत्र आहे, आणि हे दोघांनीही आपल्याला सांगितलं. (आल्माच्या आठवणींत याचा उल्लेख नाही, पण १९०२ च्या मार्चमध्ये लग्न झालं आणि सिम्फनी १९०१-०२ मधली, एवढं जुळतं.) माहलरचा शिष्य ब्रूनो वॉल्टर १९४७ मध्ये न्यूयॉर्कला आठ मिनिटांच्या आतच संपवतो.

माहलरने मेट्रोनोमचा, म्हणजे मिनिटाला किती मात्रा याचा, आकडा दिला नाही. वर 'खूप सावकाश' लिहिलं, आणि थोडं पुढे गेल्यावर 'रेंगाळू नका'. बहुतेक कंडक्टर पहिलं वाचतात, दुसरं सोडतात. एकूण १०३ बार (छोटी आवर्तनं), प्रत्येकी चार मात्रा. मेंगेलबर्गची सरासरी मिनिटाला ५८ मात्रा पडते, कारायानची ३५ च्या आसपास. मी एका हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवतो. ३५ च्या लयीत गज (तारांवर ओढायची काठी) संपतो, स्वर संपत नाही. मग कुणाचं तरी गज फिरवणं ऐकू येतंच. कारायानच्या वादकांचं ऐकू येत नाही, हे कबूल करायलाच हवं.

उदासीचं कारण सुरुवातीलाच आहे. हार्पवर आधी फक्त ग आणि प येतात, षड्ज नाहीच. उदास ए मायनर की एफ मेजर, कान ठरवू शकत नाही. त्यावर व्हायोलिन प ध नी चढतात, आणि नी थांबून राहतो. खालून षड्ज येतो तेव्हाही हा नी क्षणभर अडून मग चढून सा ला मिळतो. संपूर्ण रचना अशा अडलेल्या स्वरांवर उभी आहे. लय ५८ ची असेल तर ही ओढ वाटते, ३५ वर आणली की विरह. मधे षड्ज काळी तीनवर सरकतो, तिथे तर मला दर वेळी कुणी तरी दार उघडल्यासारखं वाटतं.

मेहुण्यांचंही अगदी चुकत नाही. ८ जून १९६८ ला अमेरिकन नेते रॉबर्ट केनेडींच्या अंत्यविधीत कंडक्टर बर्नस्टाइनने हेच वाजवलं, आणि १९७१ मध्ये दिग्दर्शक व्हिस्कोंतीने 'डेथ इन व्हेनिस' या मृत्यूवरच्या चित्रपटात वापरलं. तेव्हापासून ही रचना पांढऱ्या कपड्यांत वावरते. ते पांघरूण नंतरचं, मूळचं नव्हे.

रिसेप्शनला वॉल्टरचं लावा. मेंगेलबर्गच्या तबकडीची खरखर हॉलच्या स्पीकरवर सहन होणार नाही. मात्र आरंभ फार हळू आहे. जेवणाच्या पंगतीवर लावाल तर ताटांच्या आवाजात हार्प जाईल, आणि पाहुण्यांना व्हायोलिनच्या पहिल्या जोरदार चढावालाच कळेल की काही तरी वाजतंय. वरवधू स्टेजवर येतात तेव्हा, गर्दी जमण्याआधी लावा. आणि साउंडवाल्याला आधी सांगून ठेवा, शांत जागी त्याने आवाज वाढवायचा नाही.