खेळाडूचा कोच होताना

हँडबॉलचा कोच व्हायचंय तर पटियाळ्याच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा कर, पण आधी दहा-बारा वर्षांच्या पोरांचा गट हाती घे. त्यांना तीन नंबरचा बॉल देऊ नकोस; ५८-६० सेंमीचा तो बॉल त्यांच्या पंजात मावत नाही, मग पोरं खांद्यातून ढकलतात, कोपर खाली पडतं. ५०-५२ सेंमीचा एक नंबर घे. जंप शॉट, म्हणजे उडी घेऊन गोलावर फेक, स्वतः मारून दाखवायचा मोह आवर (जुन्या खेळाडूंची खोडच ही). त्यांची पावलं बघ: उजव्या हाताचा पोरगा डाव्या पायावर उडतोय ना? बचाव माणसाला माणूस लावून: प्रत्येकाने समोरच्या एकाला धरायचं. गोलासमोरच्या सहा मीटर रेषेवर सगळ्यांची भिंत लावलीस तर सामने जिंकशील, पण पोरांचे पाय शिकणार नाहीत. मोठ्यांच्या सामन्यात टाइमआउट तीनच, एका हाफमध्ये जास्तीत जास्त दोन. शेवटच्या पाच मिनिटांसाठी एक राख.