माईक हातात आला की पाय कापतात. व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग लावू का?

तुझा प्रश्न मुलाने मोबाइलवर दाखवला. वय 23, नोकरीला लागून वर्ष झालं, ऑफिसात दहा माणसांपुढे उभं राहिलं की घसा कोरडा पडतो, हात थरथरतात, पाठ केलेलं सगळं विसरतोस, आणि कुणीतरी व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग सुचवलाय. लावू का म्हणतोस. नको लावू. का ते सांगतो, जरा लांबेल. अरे-तुरे करतोय त्याचा राग मानू नकोस, माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे.

मी 31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो. अमरावती जिल्ह्यातले परतवाडा, चिखलदरा, अंजनगाव, दर्यापूर हे सगळे रूट केले. बाजाराच्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. एका हातात तिकिटांचा ट्रे, बगलेत खाकी बॅग, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडायचो, ''सरका बावा, मांगं लय जागा हाय!'' मागे तसूभर जागा नसायची तरी लोक सरकायचे. पिऊन आलेल्यांना खाली उतरवलंय, आठ आण्यांवरून अर्धा तास भांडलोय. आणि हाच माणूस डेपोच्या कार्यक्रमात माईक दिसला की लघवीला जाऊन यायचा. दोनदा.

याचं मूळ सातवीत आहे. 1 ऑगस्ट, टिळक पुण्यतिथी. (त्याच दिवशी अण्णाभाऊ साठ्यांची जयंती असते हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. आमच्या शाळेच्या फळ्यावर तेव्हा एकटे टिळक.) गुरुजींनी दीड पानाचं भाषण लिहून दिलं होतं. ढोरांमागे फिरता फिरता मी ते इतकं घोटलं की झोपेतून उठवलं तरी 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' सुरू व्हायचं. शेंगांपर्यंत गाडी सुसाट गेली. ती गोष्ट तुलाही पाठ असेल, वर्गात कुणीतरी शेंगा खाल्ल्या, कचरा केला, मास्तरांनी सगळ्यांना उचलायला सांगितलं, वगैरे. तिथे कागदावर शब्द होता 'टरफलं'. तो काही केल्या आठवेना. आमच्या घरी कुणी टरफल म्हणत नव्हतं. शेंगेचं वरचं असतं ते फोतर. टेबलावरच्या फोटोपुढे उदबत्ती लावलेली होती, तिची राख वाकून वाकून पडायला आली होती, मी तिच्याकडेच बघत उभा. शेवटी डोळे मिटून बोलून टाकलं, ''मी शेंगा खाल्ल्या नाई, मी फोतरं उचलनार नाई.''

आधी गुरुजी हसले. मग पोट्टे हसले. हा क्रम मी विसरलेलो नाही. पोरं फोतराला हसली नव्हती, त्यांच्या घरीही फोतरंच होती. गुरुजी हसले म्हणजे हसायची मुभा आहे, एवढंच त्यांना कळलं. पुढे गुरुजी म्हणाले, '''ण' म्हण. उचलणार. म्हण तीनदा.'' दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा आवाजच फुटला नाही. खाली बसलो. वर्षभर माझं नाव फोतऱ्या होतं. गावात एकाचं किराणा दुकान आहे, तो अजूनही पुडी बांधता बांधता तसं म्हणतो.

म्हणून मी तुला आधी हे विचारीन, की तू घाबरतोस ते नेमकं कशाला? माणसांना नसशील घाबरत. चहाच्या टपरीवर त्याच दहा जणांपुढे तू क्रिकेटवर अर्धा तास तावातावाने बोलत असशील. माईकपुढे मात्र आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडाने बोलायला जातो आणि ते तोंड आपल्याला बसत नाही. हे माझं मत. साडूला पटत नाही.

आता साडूचं सांगावंच लागेल. माझे साडू व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग चालवतात. बॅनरवर बोट वर केलेला त्यांचा फोटो, खाली 'बोला बिनधास्त'. दर दिवाळीला सासुरवाडीला गाठ पडली की तेच, ''साडूभाऊ, तुमच्यात आत्मविश्वासाची कमतरता आहे. आधी भाषा सुधारा, आत्मविश्वास आपोआप येईल.'' एका दिवाळीला त्यांनी मला दातांत पेन्सिल धरून पेपर मोठ्याने वाचायला लावलं. म्हणे उच्चार स्वच्छ होतात. वेड्यासारखं पंधरा दिवस केलं. ओठाचा कोपरा चिरला आणि बायकोचं हसून हसून पोट दुखलं. 'ण' आला, नाही असं नाही. पण त्या 'ण'कडे लक्ष ठेवता ठेवता वाक्य कुठे चाललंय ते हातचं सुटायचं.

मग आमच्या ड्रायव्हरच्या निवृत्तीचा निरोप समारंभ आला. अकरा वर्षं एका गाडीवर होतो आम्ही. सगळे म्हणाले, यांच्याबद्दल दोन शब्द तूच बोल. नाही म्हणायला तोंड नव्हतं. साडूंना फोन केला, त्यांनी दुसऱ्याच दिवशी भाषण लिहून पाठवलं. 'कर्तव्यदक्षतेचे मूर्तिमंत प्रतीक', 'सेवेच्या महासागरातील दीपस्तंभ'. आमच्या ड्रायव्हरने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तरी पाठ केलं.

डेपोच्या आवारात वर्कशॉपच्या बाजूला छोटा मांडव, सतरंज्या, शाल-श्रीफळ, ऑइलचा वास. माझं नाव पुकारलं. उठलो, कागद काढला. कागद असा फडफडायला लागला की त्याचा आवाज माईकमधून बॉक्सवर यायला लागला, फड फड फड, जसं काही कबुतर अडकलंय. 'सेवेच्या महासागरातील' इथवर पोचलो आणि पुढे अंधार. एक, दोन, तीन, चार... किती वेळ गेला माहीत नाही. सातवीतली ती उदबत्ती दिसायला लागली.

तेवढ्यात मागून एक मेकॅनिक ओरडला, ''ओ कंडक्टर! सरका ना पुढं, मांगं लय जागा हाय!''

सगळा मांडव हसला. आणि माझ्या तोंडून, विचार न करता, सवयीनं निघालं, ''जागा दिसून रायली मले! दरवाज्यात कोन उभं हाय, त्याले पयले आत घ्या!''

मांडवाच्या तोंडाशी डेपो मॅनेजर उभे होते. उशिरा आले होते, चपला काढत होते.

त्यानंतर लोक जे हसले ते मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. साहेबही हसले, पुढे येऊन बसले. मी कागदाची घडी खिशात घातली आणि चिखलदऱ्याच्या घाटातली एक रात्र सांगायला लागलो. श्रावणातलं धुकं, बोनेटच्या पुढे काही दिसत नाही, गाडीत माणसं, बाळंतपणाला माहेरी चाललेली एक पोरगी. ड्रायव्हर म्हणाला, ''तू उतर, बत्ती घेऊन पुढं चाल, मी तुया मांगं आनतो गाडी.'' मी गाडीपुढे चालतोय, दरीकडच्या कडेला बत्ती दाखवतोय, मागे इंजिनाची घरघर. दर शंभर पावलांवर तो आवाज द्यायचा, ''हायेस का?'' मी म्हणायचो, ''हाओ.'' एका वळणावर मी ओरडलो, ''भाऊ, मी दरीत गेलो तर तुले कसं समजन?'' वरून उत्तर आलं, ''तू हाओ म्हनणार नाही ना!''

एवढंच सांगितलं. पाच मिनिटं झाली असतील. सगळं वऱ्हाडीत, 'ण' कुठे 'न' झाला आठवत नाही. ड्रायव्हर चष्मा काढून पुसत होता. साडूंचा दीपस्तंभ माझ्या खिशातच राहिला.

माझी गाडी जायची त्या परतवाडा रस्त्यावर वलगाव लागतं. 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबा तिथे पेढी नदीच्या काठावर गेले. बाबा शाळेत गेलेले नव्हते. हजारोंच्या गर्दीपुढे त्यांनी कीर्तनं केली, आणि केली ती वऱ्हाडीत. मुंबईकरांपुढे उभे राहिले तरी वऱ्हाडीतच. त्यांची पद्धत बघ, आधी लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. ही युक्ती ऑफिसातही चालते. उभा राहिलास की पहिलं वाक्य प्रश्नाचं टाक. समोरचे उत्तर शोधायला लागतात, तेवढ्यात तुझा श्वास जागेवर येतो. अमरावतीच्या विद्यापीठाला बाबांचं नाव आहे. आमच्या साडूंच्या प्रमाणपत्रावरही बाबांचा फोटो आहे. एकदा मी विचारलं, ''बाबांचा 'ण' कसा होता हो?'' म्हणाले, ''ते संत होते साडूभाऊ, त्यांचं वेगळं.'' विषय संपला.

तू विचारलंस ते राहूनच जातंय. भीती जात नाही, हे आधी समजून घे. मी आता गावात, लग्नात, तेराव्याला सुद्धा बोलतो. अजूनही उभं राहिलं की छाती धडधडते. शरीराला वाटतं वाघ आलाय, पळायची तयारी करा, म्हणून ते रक्त पायांकडे धाडतं आणि तोंड कोरडं पाडतं. एक-दोन मिनिटं बोलत राहिलं की त्याला कळतं वाघबिघ काही नाही. तेवढा वेळ निभावायचा. पाणी साधं प्यावं, फ्रीजचं नको. श्वास सोडताना जास्त लांब सोडावा. टिपणाचा कागद पुठ्ठ्याला लावून ने, पुठ्ठा फडफडत नाही, हे मी कबुतरापासून शिकलो. माईक तोंडापासून चार बोटं दूर धर. त्याच्यावर फुंकर मारू नकोस, टकटक करू नकोस, आणि बॉक्सच्या समोर उभा राहू नकोस, नाहीतर तो किंचाळतो आणि तुला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

पाठ अजिबात करू नकोस. पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की पुढचे सगळे डबे रुळावरून घसरतात. मी स्टॉप लक्षात ठेवतो. वलगाव, आसेगाव, परतवाडा. तीन ठिकाणी थांबायचंय एवढं ठरलं की मधला रस्ता कसा गाठायचा ते आपलं आपण. कधी खड्डे चुकवत, कधी आडवाटेने. एखादा स्टॉप राहिला तरी प्रवाशाला काय ठाऊक तिथे थांबणार होतास म्हणून? पहिलं वाक्य मात्र पक्कं असू दे, डबल बेल दिल्याशिवाय गाडी निघत नाही.

आणि सुरुवात ऑफिसात करू नकोस, तिथे पगार गुंतलेला असतो. सोसायटीची मीटिंग, गावची ग्रामसभा, मित्राचा साखरपुडा, जिथे चुकलं तर फार तर टिंगल होईल तिथे आधी तोंड उघड. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, गावाकडे ग्रामसभा तर ठरलेल्याच. तिथे उठून पाण्याच्या टाकीबद्दल एक प्रश्न विचारून दाखव. ते जमलं तर तुझे दहा सहकारी काहीच नाहीत.

आता थोडं माघारी. तुझं ऑफिस इंग्रजीत चालत असेल तर माझा अर्धा सल्ला फुकट. तिथे आपल्या बोलीत कसं बोलणार? पण स्टॉपची युक्ती तिथेही चालावी असं वाटतं, मुलगाही तेच म्हणतो. दुसरं, भीतीपायी रात्र रात्र झोप लागत नसेल, उलट्या होत असतील, कामावर दांड्या पडत असतील, तर माझ्यासारख्या कंडक्टरचं ऐकत बसू नकोस, सरळ मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जा. त्यात लाजायचं काही नाही. आणि तिसरं, हे लिहायचं नव्हतं पण लिहितो. माझा भाचा साडूंच्या वर्गाला गेला आणि आज खरंच चांगला बोलतो. तिथे दर शनिवारी वीस पोरांपुढे उभं करतात, त्याचा गुण आला म्हणतो. 'ण'चा नाही. पण साडू ते मान्य करणार नाहीत आणि मी त्यांना विचारणारही नाही. म्हणजे लावलास वर्ग तरी काही बिघडत नाही. पेन्सिल दिली तर घेऊ नकोस एवढंच.

माझ्या स्वतःच्या निरोपाला साडू आले होते. पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सफारी घालून. मला उत्तरादाखल बोलायचं होतं. मी सातवीतली गोष्ट सांगितली, फोतरं, उदबत्ती, 'म्हण तीनदा', सगळं. मांडव हसला, बायकोच्या डोळ्यात पाणी. साडू हसले नाहीत, टाळ्या मात्र वाजवल्या. पंगतीत शेजारीच बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मठ्ठा वाढायला आला तेव्हा माझ्याकडे जरा झुकून म्हणाले, ''छान झालं साडूभाऊ. फक्त शेवटी एकदा 'टरफलं' म्हणायला हवं होतं.''