वाचक विचारतात : डॉलरसोबत आलेली अट

प्रश्न : बातम्यांत ‘ग्लोबल गॅग रूल’ असं वाचते. नियम अमेरिकेचा, मग काठमांडूच्या नर्सनं काय बोलायचं हे तो कसा ठरवतो?
– समाजकार्याची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : अमेरिकी मदत घेणाऱ्या संस्थांच्या गर्भपातविषयक कामावर बंधन घालणारा हा नियम येतो राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं, म्हणून व्हाइट हाउसमधला माणूस बदलला की तोही बदलतो. रेगन सरकारनं १९८४ साली मेक्सिको सिटीतल्या लोकसंख्या परिषदेत तो जाहीर केला, त्यामुळे कागदोपत्री नाव ‘मेक्सिको सिटी धोरण’. क्लिंटननी १९९३ मध्ये काढला, बुशनी २००१ मध्ये आणला, ओबामांनी २००९ मध्ये काढला, ट्रम्पनी २०१७ मध्ये आणला, बायडननी २०२१ मध्ये काढला आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पनी पुन्हा आणला.

अट अशी : अमेरिकेबाहेरच्या स्वयंसेवी संस्थेला अमेरिकी सरकारचा मदतनिधी हवा असेल, तर तिनं कुटुंबनियोजनाचं साधन म्हणून गर्भपात करायचा नाही, त्याचा सल्ला द्यायचा नाही, त्यासाठी दुसरीकडे पाठवायचं नाही आणि कायदा सैल करा अशी मागणीही करायची नाही. खरी मेख पुढे आहे. ‘आमच्या पैशातून करू नका’ एवढंच म्हणणं असतं तर हिशेब वेगळा ठेवून भागलं असतं. इथे युरोपातल्या सरकारनं दिलेल्या किंवा संस्थेनं स्वतः जमवलेल्या पैशातूनही हे काम चालत नाही. २०१७ च्या मसुद्यात अमेरिकी संस्थेला स्वतःला अट लागू नव्हती, पण ती ज्या परदेशी संस्थेला पैसा देई तिच्याकडून तिला ही लेखी हमी आधी घ्यावी लागे. पोटनिधी घेणाऱ्या छोट्या संस्थेपर्यंत अट अशी झिरपत जाते.

नेपाळचंच उदाहरण घ्या. २००१ मध्ये तिथे गर्भपात हा गुन्हा होता आणि त्यापायी बायका तुरुंगात जात. नेपाळ कुटुंबनियोजन संघ ही जुनी संस्था तो कायदा बदलावा म्हणून आपल्याच सरकारकडे मागणी करत होती. सही केली तर ती मागणी बंद करावी लागणार आणि नाही केली तर अमेरिकेचा पैसा जाणार! संघानं सही केली नाही, निधी गेला. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, नेपाळनं कायदा बदलला. आज तिथे १२ आठवड्यांपर्यंत स्त्रीच्या संमतीनं गर्भपात करता येतो. आपल्या देशातल्या कायद्याबद्दल आपल्याच आमदार-खासदारांशी बोलायला परक्या देशाची परवानगी लागावी, हे आम्हाला अटीच्या बाकी सगळ्या कलमांपेक्षा जास्त खटकतं.

प्रश्न : आमच्या संस्थेला अमेरिकी संस्थेमार्फत आरोग्याचा निधी मिळतो. करारात ही अट आली तर नेमकं काय चालतं? कार्यकर्त्या घाबरून तोंडच उघडत नाहीत.
– प्रकल्प समन्वयक, नाशिक

उत्तर : भीती साहजिक आहे, पण अटीत लिहिलंय त्यापेक्षा जास्त गप्प बसणं हीच नेहमीची चूक. २०१७ च्या मसुद्यानुसार बलात्कार, जवळच्या नात्यातला संबंध किंवा आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपात, सल्ला आणि रेफर करणं, तिन्ही चालतं. अर्धवट गर्भपातानंतर रक्तस्राव किंवा ताप घेऊन आलेल्या बाईवर उपचार चालतात, मग गर्भपात कुठे आणि कसा झाला असेना. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीवर बंदी नाही. ‘गोळी’ म्हटलं की ही आणि गर्भपाताची, दोन्ही एकच, असं समजून संस्था तीही कपाटात कुलूपबंद करतात.

चौथी सूट फारशी कुणाला ठाऊक नसते. बाई गरोदर आहे, कायदेशीर गर्भपात करायचा हे तिनं आधीच ठरवलंय आणि तसं ती स्पष्ट सांगते, सुरक्षित सोय कुठे आहे असं ती स्वतः विचारते, आणि वैद्यकीय नीतीनुसार उत्तर देणं भाग आहे असं सेवा देणाऱ्याला वाटतं. या चारही गोष्टी जुळल्या तर जागा सांगता येते. आपण होऊन विषय काढता येत नाही. म्हणून प्रशिक्षणात नुसतं ‘काय बोलू नये’ शिकवू नका. ‘तिनं काय विचारलं तर काय सांगता येतं’ हे प्रश्नोत्तरांसह घोटून घ्या आणि केसपेपरवर तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहा. सहीआधी करार वकिलाकडून वाचून घ्या, कारण मसुद्याची भाषा दर खेपेला बदलते.

प्रश्न : ‘हेल्म्स दुरुस्ती’ म्हणजे हेच का?

उत्तर : नाही. ती १९७३ पासूनची आहे, अमेरिकी संसदेनं केलेली, आणि सरकार कुणाचंही असो, लागू असते. ती फक्त अमेरिकी पैशापुरती बोलते : कुटुंबनियोजनाचं साधन म्हणून गर्भपातावर तो खर्च करू नये. तिचा परिणाम गर्भाशय रिकामं करायच्या एका साध्या उपकरणावर दिसतो. हातानं चालणारी ६० मिलिची प्लॅस्टिकची सिरिंज आणि ४ ते १२ मिमीच्या नळ्या. झडप बंद करून दट्ट्या मागे ओढला की आत पोकळी तयार होते, वीज लागत नाही. वापरण्याआधी दोन-तीन मिनिटं तशीच ठेवून झडप उघडायची. ‘फुस्स’ आवाज आला तर ठीक, नाही आला तर दट्ट्यावरची रबरी कडी झिजलीय किंवा कोरडी पडलीय. अर्धवट गर्भपातात जीव वाचवणारं हेच साधन यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारी अमेरिकी सरकारची संस्था, आपल्या पैशातून खरेदी करत नसे. गंमत म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते विकसित करायला यूएसएडनंच पैसा दिला होता.

प्रश्न : ‘ग्लोबल गॅग रूल’नं निदान गर्भपात तरी कमी होतात का?

उत्तर : उलटं दिसलंय. सहाराच्या दक्षिणेकडच्या २६ आफ्रिकी देशांतली १९९५ ते २०१४ ची आकडेवारी तपासणारा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. अमेरिकी मदतीवर जास्त अवलंबून असलेल्या देशांत धोरण लागू असताना गर्भपाताचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं आणि आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर घटला. कारण सरळ आहे : सही न करणारी संस्था बहुधा गर्भनिरोधकं वाटणारीही असते. तिचा दवाखाना बंद झाला की निरोधही गेला आणि तांबीही.

प्रश्न : याचा आपल्या सरकारी दवाखान्यावर परिणाम होतो का? गर्भपातासाठी माझ्या बहिणीकडे नवऱ्याची सही मागितली.
– वाचक, परभणी

उत्तर : २०१७ च्या मसुद्यात अट स्वयंसेवी संस्थांना होती, सरकारांना नव्हती. आणि सही मागणं ही आपल्याकडचीच खोड, त्यात अमेरिकेचा हात नाही. आपल्या १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. २० ते २४ मध्ये, ठरवून दिलेल्या प्रकारांत, दोघांचं, आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्यात अविवाहित स्त्रियाही आल्या. संमती लिहितात ती ‘फॉर्म सी’वर. तो मागून घ्या आणि बघा : अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीच्या पालकासाठी त्यावर जागा आहे, नवऱ्याच्या सहीसाठी नाही.