जागा सोडायला शीक

प्रिय मित्रा,

तू पाठवलेलं गाणं दोनदा ऐकलं. हात स्वच्छ आहे, लय पक्की आहे. पण तुम्ही चौघं एकाच वेळी जीव तोडून वाजवता, आणि त्या गर्दीत तुझा बेस गिटार बुडतो. 'सगळं करूनही पोस्ट-पंकसारखं का वाटत नाही?' असं तू विचारलंस. पोस्ट-पंक म्हणजे सत्तरच्या दशकातल्या वेगवान, आरडाओरड्याच्या पंक रॉकनंतर आलेलं संगीत. माझ्या मते उत्तर त्या गर्दीतच आहे.

४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजवून गेला. ऐकायला जेमतेम चाळीसएक माणसं. त्यात पीटर हुक आणि बर्नार्ड समनर हे शाळेपासूनचे दोस्त होते. दुसऱ्याच दिवशी हुकने बेस विकत घेतला. वाजवता येत नसलं तरी सुरुवात करता येते, हे पंकने शिकवलं. पण नुसत्या वेगाने आणि ओरडण्याने फार काळ भागेना. खुद्द पिस्टल्सचा गायक जॉन लायडन १९७८ मध्ये बाहेर पडला आणि त्याने पब्लिक इमेज लिमिटेड हा बँड काढला. त्यातला जाह वॉबलचा खोल, संथ बेस थेट जमैकाच्या डब संगीतातून आलेला. डबवाले मिक्सिंग करताना गाणं, गिटार काढून घेतात आणि बेस-ड्रमभोवती प्रतिध्वनी सोडतात. वगळणं हेच त्यांचं वाद्य, म्हण ना!

आता हुककडे ये. हुक आणि समनर ज्यात होते त्या जॉय डिव्हिजनमध्ये गिटार वाजवणाऱ्या समनरचा अ‍ॅम्प (आवाज वाढवणारं यंत्र) दणदणीत आणि हुकचा रडका. खालच्या तारांवर वाजवलं तर स्वतःचं स्वतःलाच ऐकू येईना, म्हणून तो वरच्या पट्ट्यांवर (फ्रेट्सवर) चढला. चाल बेसकडे आली आणि गिटार मोकळी झाली. त्यांच्या १९७९ च्या 'अननोन प्लेझर्स' अल्बममधलं पहिलंच गाणं, 'डिसऑर्डर', हेडफोनवर लाव. आधी ड्रम, मग बेस, आणि वाद्यांत गिटार सर्वांत शेवटी येते. निर्माता मार्टिन हॅनेटने स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ड्रमचे आवाज सुटे सुटे घेतले, त्यांना डिजिटल डिलेतून, म्हणजे आवाज उशिराने परत ऐकवणाऱ्या यंत्रातून, फिरवलं. स्टुडिओतल्या लिफ्टचा आवाजही त्याने रेकॉर्डमध्ये घेतला. हुक-समनरना हे मुळीच आवडलं नव्हतं, त्यांना स्टेजवरचा दणका हवा होता. मला मात्र हॅनेटचंच पटतं. आपल्याकडे गवई जागा घेतो, त्याला आपण दाद देतो. या माणसाने जागा सोडली, आणि ती रिकामी जागा आजही अंगावर येते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. काळे कपडे आणि उदास चेहरा म्हणजे हे संगीत नव्हे. जॉय डिव्हिजनचा गायक इयान कर्टिस याला फिट्स येत, तो आतून खचला होता आणि २३ व्या वर्षी त्याने जीव दिला. ते दुःख त्याचं होतं. त्याची नक्कल करू नकोस. आणि तुलाच कधी तसं जड झालं, तर गाणं बाजूला ठेव आणि मला फोन कर, वेळ बघू नकोस.

पुढच्या तालमीला गिटारवाल्याला दोनच तारा वापरू दे. ड्रमरला झांजा काढून ठेवायला सांग. तू बाराव्या पट्टीच्या आसपास चाल शोध, सापडली की तीच धरून राहा, मध्ये कुणी थांबलं तर थांबू दे. मोबाइलवर रेकॉर्ड केलंस तरी चालेल, पण त्याच रात्री पाठव.

तुझा,
दादा